नवेगाव बांधचा रविवार

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हे पूर्व विदर्भातील व्यापारी कुटुंबांचे जुने सहलीचे ठिकाण आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगितला जाणारा सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा तलाव, भोवती सात टेकड्या, हिवाळ्यात उतरणारी स्थलांतरित बदके आणि मागे १९७५ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेले अरण्य. डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा हा राज्यातील पाचवा व्याघ्रप्रकल्प जाहीर झाला आणि येथील वर्दळ आणखी वाढली. गोंदिया, तुमसर, भंडारा, साकोली, नागपूर येथील कुटुंबे रविवारी सकाळी निघतात, दहा-अकराच्या सुमारास तलावाकाठी सतरंज्या अंथरतात आणि डबे उघडतात.

या डब्यांत काय असते, हे सांगण्याची आवश्यकता नाही. पुऱ्या, थेपले, कच्च्या केळ्याची सुकी भाजी, शेव, चिवडा, बुंदी, गुलाबजाम, शिवाय वाटेत कोणीतरी आग्रहाने घेतलेली गरम कचोरी. यात अभक्ष्य काहीच नाही. कंदमूळ नाही, रात्रिभोजन नाही, बाहेरचे अन्नही फारसे नाही. नियमांच्या कसोटीवर ही सहल निर्दोष ठरते. अडचण आहे ती प्रमाणाची, आणि या एका दिवसाचा उरलेल्या सहा दिवसांशी जो संबंध आहे त्याची.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत व्यापारी घरांत आरोग्याविषयी जागृती झाली आहे, हे मान्य करावे लागेल. दुकान उघडण्यापूर्वी फिरायला जाणारे, चहातील साखर सोडलेले, घरून डबा नेणारे गृहस्थ प्रत्येक गावात दिसतात. सोमवार ते शुक्रवार त्यांचा दिनक्रम घड्याळाप्रमाणे चालतो, आणि त्याचे बरेचसे श्रेय दुकानाला आहे. दुकान ठरावीक वेळी उघडते, जेवणाचा डबा ठरावीक वेळी येतो, मध्येच काही खाण्यास गिऱ्हाईक उसंत देत नाही. सुट्टीच्या दिवशी हा आधार नाहीसा होतो. उठणे उशिरा, न्याहारी दहा वाजता, जेवण दोन वाजता, मग झोप, आणि संध्याकाळी पाहुणे. शिस्त माणसाच्या अंगी किती होती आणि दुकानाच्या वेळापत्रकात किती होती, हे रविवारी कळते.

साप्ताहिक सुट्टी ही व्यापाऱ्याच्या जीवनात तशी अलीकडची गोष्ट आहे. मुंबईतील गिरणी कामगारांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. दुकानांना आठवड्यातून एक दिवस बंद ठेवण्याचे बंधन १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने घातले, आणि २०१७ च्या नव्या कायद्याने ते पुन्हा शिथिल केले. आता कामगारांना आळीपाळीने सुट्टी देऊन दुकान वर्षभर उघडे ठेवता येते. त्यामुळे कुणाचा रविवार अर्धा असतो, कुणाची सुट्टी बाजाराच्या दिवसानुसार मंगळवारी वा गुरुवारी येते. येथे रविवार म्हटले आहे ते केवळ सोयीसाठी. सुट्टीचा वार कोणताही असो, हिशेब तोच.

आणि हिशेब अगदी साधा आहे. एखाद्या गृहस्थाची दिवसाची गरज दोन हजार उष्मांकांची आहे असे धरू. पाच दिवस त्याने सतराशेवर भागवले, म्हणजे दीड हजारांची बचत झाली. शनिवारी संध्याकाळी लग्नाचे स्वागत, रविवारी सहल. दोन्ही दिवशी खाणे पावणेतीन हजारांवर गेले. जादा खर्च दीड हजार. सोमवारी शिल्लक शून्य. महिनोन्महिने पथ्य पाळूनही वजन हलत नाही अशी ज्यांची तक्रार असते, त्यांतील अनेकांचे गणित एवढेच असते. दोष औषधाचा नसतो आणि प्रकृतीचाही नसतो.

पावणेतीन हजार हा आकडा मोठा वाटेल, पण तलावाकाठच्या एका पंगतीत तो सहज गाठला जातो. एक ग्रॅम स्निग्धांशात नऊ उष्मांक असतात, पिष्ट आणि प्रथिने यांत चार-चार. शंभर ग्रॅम शेव-फरसाणात पाचशेहून अधिक उष्मांक भरतात. एक मध्यम पुरी सुमारे शंभर, एक गुलाबजाम सुमारे दीडशे. सहा पुऱ्या, दोन गुलाबजाम, दोन मुठी फरसाण आणि तेलाची भाजी एवढ्यात तेरा-चौदाशे होतात, आणि सकाळची कचोरी व दुपारचा गोड चहा अजून मोजायचाच असतो. उलट बाजूस, सत्तर किलो वजनाचा माणूस तासभर जोरात चालला तर सुमारे अडीचशे उष्मांक खर्च होतात. शंभर ग्रॅम फरसाण चालून फेडायचे तर दोन तास लागतात. ‘खा हो, तलावावर फिरले की जिरते’ हे वाक्य सतरंजीवर नेहमी ऐकू येते. इतके फिरणारा मात्र तेथे क्वचितच आढळतो.

अमेरिकेतील सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या संदर्भात उल्लेखनीय आहे. पन्नास ते साठ वयाच्या ४८ व्यक्तींवर वर्षभर लक्ष ठेवण्यात आले. काहींना आहार कमी करण्यास सांगितले होते, काहींना व्यायाम वाढविण्यास. आहार कमी केलेल्यांचे वजन कामाच्या दिवसांत उतरत असे आणि शनिवार-रविवारी उतरायचे थांबत असे. व्यायाम करणाऱ्यांचे तर सुट्टीच्या दिवसांत किंचित वाढत असे. अमेरिकेतच, किमान १३.६ किलो वजन घटवून ते वर्षभर टिकवणाऱ्यांची एक राष्ट्रीय नोंदवही १९९४ पासून ठेवली जाते. तिच्यातील माहितीवरून २००४ साली असे दिसले की, सातही दिवस सारखा आहार ठेवणाऱ्यांची पुढील वर्षभर वजन राखण्याची शक्यता, सुट्टीत सैल सोडणाऱ्यांच्या तुलनेत दीडपट होती. व्यापाऱ्याला यात नवल वाटू नये. रोज थोडे सावरणारे दुकान टिकते आणि दिवाळीत एकदम सावरू पाहणारे अडचणीत येते, हे त्याने बाजारात पाहिलेले असते.

व्यायामाची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि ती व्यापारी कुटुंबांना दिलासा देणारी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांचा मध्यम व्यायाम सुचवला, त्यासोबत किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे श्रम. ही १५० मिनिटे रोज थोडी-थोडी वाटून घ्यावीत की एक-दोन दिवसांत एकत्र केली तरी चालतील, हा प्रश्न होता. ब्रिटनमधील सुमारे ८९ हजार व्यक्तींच्या मनगटावर आठवडाभर मोजणी यंत्र बांधून केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, निम्म्याहून अधिक व्यायाम एक-दोन दिवसांतच उरकणाऱ्यांनाही हृदयविकार व पक्षाघाताचा धोका कमी होण्याचा लाभ जवळजवळ तेवढाच मिळतो. हंगामात धान्याच्या गाड्या येत असताना, वा दिवाळीच्या आधी कापड दुकानात, ज्यांना सकाळची वेळ मिळतच नाही, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. आठवडाभर चुकलेले चालणे सुट्टीत बऱ्याच अंशी भरून काढता येते. आठवडाभर पाळलेले पथ्य मात्र सुट्टीत पुरते पुसता येते. प्रत्यक्षात बहुतेक घरांत याच्या नेमके उलट चालते: रविवारी फिरण्याला रजा आणि जिभेला मोकळीक.

यात एक सावधगिरीची बाब आहे. १९९३ साली हृदयविकाराचा झटका आलेल्या १,२२८ रुग्णांची पाहणी अमेरिकेत प्रसिद्ध झाली. अचानक केलेल्या जड श्रमानंतरच्या तासाभरात झटका येण्याचा धोका सर्वांनाच वाढतो. पण आठवड्यातून पाच वा अधिक वेळा श्रम करणाऱ्यांत तो सुमारे अडीचपट, तर एरवी बैठे जीवन जगणाऱ्यांत शंभरपटीहून अधिक वाढल्याचे तीत दिसले. मूळ धोका अत्यल्प असल्याने हा आकडा भिववण्यासाठी नाही. तथापि वर्षभर गादीवर बसलेला पंचेचाळीस वर्षांचा गृहस्थ भरपेट जेवणानंतर पुतण्यांबरोबर क्रिकेट खेळायला धावतो, तेव्हा तो जे करतो त्याला व्यायाम म्हणणे कठीण आहे. सुट्टीचा व्यायाम म्हणजे चालणे. तेही जेवणाआधी, आणि दर आठवड्याला थोडे वाढवत नेलेले.

नवेगाव बांध या दृष्टीने आदर्श जागा आहे, पण तेथे जाणाऱ्यांच्या ते गावी नसते. नागपूरहून भंडारा, साकोली, कोहमारा मार्गे हे अंतर सुमारे १४० किलोमीटर भरते. जाता-येता मिळून पाच-सहा तास गाडीत बसणे घडते. वनात पायी हिंडण्यास मनाई असल्याने जंगल सफारीही बसूनच होते. त्यानंतर सतरंजीवर बसणे आहेच. घराबाहेर पडून, मोकळ्या हवेत येऊन, माणूस दुकानातल्यापेक्षा अधिक वेळ बसलेला असतो. मुलांच्या हातात मोबाइल असला, तर त्यांचीही तीच गत.

मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून याच अरण्यात होते. तेथील दिवसांवर त्यांनी ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक लिहिले. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वनाधिकाऱ्याची ती पिढी पायी हिंडणारी होती. त्यांच्या दीर्घायुष्याचे कारण चालणेच होते असा दावा करण्याचे कारण नाही. पण तलावावरचे पक्षी पाहायचे तर सूर्य वर येण्यापूर्वी बांधावर पोहोचावे लागते आणि बराच वेळ शांतपणे चालावे लागते, हे त्या परिसराचे वास्तव आजही तसेच आहे. दहाला पोहोचणाऱ्यास बदके दूरवर काळ्या ठिपक्यांसारखी दिसतात. गोंदियाचे अंतर सुमारे ६५ किलोमीटर आहे. पहाटे निघाल्यास उजाडताना तलावाकाठी येता येते. तास-दीड तास बांधावरून चालावे, मग न्याहारी करावी, ऊन चढण्याच्या आत आणखी एक फेरी. आठवड्याच्या १५० मिनिटांचा मोठा भाग एका सकाळीच पदरात पडतो. ज्यांना मुक्काम शक्य आहे, त्यांनी शनिवारीच जाणे उत्तम, म्हणजे दोन पहाटा मिळतात.

पहाटे निघण्याचा दुसराही लाभ आहे. म्युनिकचे शास्त्रज्ञ टिल रोनेनबर्ग यांनी २००६ च्या सुमारास एका दोषाकडे लक्ष वेधले: कामाच्या दिवशी माणूस एका वेळी उठतो-झोपतो आणि सुट्टीत दोन-तीन तास उशिरा, जणू दर आठवड्याला दूरदेशी विमानाने जाऊन परततो. अशा लोकांत स्थूलतेचे प्रमाण अधिक असल्याचे त्यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखविले. सोमवारी दुकानात जो जडपणा जाणवतो, त्याला पुष्कळदा रविवारची दहा वाजेपर्यंतची झोप कारणीभूत असते.

आता घरातील स्त्रियांविषयी. सहलीच्या दिवशी त्या पहाटे चारला उठून पुऱ्या तळतात, थेपले लाटतात, डबे भरतात. तेथे पोहोचल्यावर वाढतात आणि परतल्यावर भांडी आवरतात. सुट्टी कुणाची, हा प्रश्न त्या विचारत नाहीत म्हणून तो नसतो असे नाही. आठवडाभर त्या घरात राबतात हे खरे, परंतु स्वयंपाकघरातील उभे राहणे आणि सलग वेगाने चालणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि तलावाच्या बांधावर घराच्या सुनेला चालताना फारसे कुणी पाहिलेले नसते. सहलीचा डबा साधा केला तर पहिला लाभ तिचा होतो. तळण नाही म्हणजे चारला उठणे नाही. आदल्या संध्याकाळी केलेले कमी तेलाचे थेपले, खाखरा, सकाळी कुकरमधून काढलेली मुगाची उसळ, काकडी, टोमॅटो, पेरू, मूठभर भाजलेले शेंगदाणे एवढ्यात चार माणसांचे उत्तम जेवण होते. विदलाचा नियम पाळणाऱ्या घरी कडधान्याबरोबर कच्चे ताक चालत नाही. ते दुपारनंतर स्वतंत्रपणे घ्यावे. गोड हवेच असेल तर एक पदार्थ, एकेक नग, आणि डबा सतरंजीवर उघडा न ठेवता गाडीत परत ठेवलेला. या शेवटच्या गोष्टीचा उपयोग कोणत्याही उपदेशापेक्षा अधिक होतो.

उपदेशाचा उल्लेख झालाच आहे, तर आग्रहाविषयीही बोलले पाहिजे. मनुहार ही या समाजाची शोभा आहे. ‘एक तरी घ्या’ असे म्हणणाऱ्याचे प्रेम खोटे नसते, आणि नाही म्हणणाऱ्यास संकोच वाटतो. परंतु या पंगतीत ज्या काकांना गेल्या वर्षी नागपूरला हृदयाची झडप नव्हे तर धमनी उघडून घ्यावी लागली, तेही बसलेले असतात. आठवडाभर ते औषधाच्या गोळ्यांइतकेच काटेकोरपणे जेवतात; रविवारी चार पुतणे आणि तीन व्याही मिळून त्यांचे पथ्य मोडतात आणि ‘एका दिवसाने काय होते’ असे म्हणतात. वर्षात असे बावन्न दिवस येतात, त्यावर लग्नसराई, पारणी, साधर्मिक वात्सल्ये निराळी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दहा-बारा प्रौढांच्या कोणत्याही पंगतीत त्यांतील दोघे-तिघे बसलेले असणार, हे धरूनच वाढावे.

परंपरेत यावर उपाय नाही असे नाही. सहा बाह्य तपांत अनशनानंतर लगेच ऊनोदरी येते: भुकेपेक्षा काही घास कमी. उपवास सोपा आणि ऊनोदरी कठीण, असे अनुभवी लोक सांगतात, कारण उपवासात ताट समोर नसते. आठ दिवसांची तपस्या निष्ठेने करणारी माणसेही रविवारच्या पंगतीत चौथा गुलाबजाम नाकारू शकत नाहीत. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांच्या दोन वेळाच जेवण्याच्या आहारपद्धतीची गेली काही वर्षे महाराष्ट्रभर चर्चा झाली. बियासणा ठाऊक असलेल्या घरांना तिच्यात ओळखीचे काहीतरी दिसले असेल. नियम घरातच आहेत. ते तिथीला पाळले जातात आणि सुट्टीला विसरले जातात, एवढेच.

चौविहाराचेही तसेच. अमेरिकेत २०१८ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरील आठ पुरुषांवर झालेल्या एका छोट्या प्रयोगात दिवसाचे सगळे खाणे सहा तासांत आणि दुपारी तीनपूर्वी संपविले गेले. वजन न घटताही पाच आठवड्यांत त्यांच्या शरीराची इन्सुलिनला मिळणारी साथ सुधारली. आठ माणसांवरून मोठा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे, आणि सूर्यास्तापूर्वी जेवायचे म्हणून साडेपाचला घाईने दुप्पट खाणारेही पुष्कळ असतात. पण सहलीच्या दिवशी या नियमाचा एक व्यावहारिक उपयोग आहे. डिसेंबरात या भागात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. परतीच्या वाटेवर कोहमाऱ्यानंतर महामार्ग लागतो, रात्री आठला ढाबे उजळलेले असतात आणि थकलेल्या मुलांना भूक लागलेली असते. दिवसभराचे सर्वांत जड जेवण येथेच होते. निघण्यापूर्वी तलावाकाठीच, पाच वाजता, उसळ-भाकरीचे हलके जेवण उरकणाऱ्या कुटुंबाची गाडी ढाब्यावर थांबत नाही.

मोजमापासाठी एक साधी रीत आहे. वजन रोज पाहण्याची गरज नाही. शुक्रवारी सकाळी आणि सोमवारी सकाळी, शौचानंतर, काही न खाता पाहावे आणि दोन्ही आकडे पंचांगाच्या कोपऱ्यात लिहावेत. सोमवारी अर्धा-पाऊण किलो अधिक भरले तर घाबरू नये; त्यात मीठ आणि पिष्ट यांनी धरून ठेवलेले पाणी बरेच असते. दोन महिन्यांच्या शुक्रवारांची रांग मात्र खोटे बोलत नाही. त्याबरोबर कमरेचा घेर महिन्यातून एकदा मोजावा. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० ही धोक्याची मर्यादा मानली जाते. मधुमेहासाठी इन्सुलिन वा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी सुट्टीत जेवणाच्या वेळा पुढे ढकलण्यापूर्वी, किंवा पहाटेचे लांब चालणे सुरू करण्यापूर्वी, डॉक्टरांना विचारावे आणि खिशात साखरेची पुडी ठेवावी. बांधावर दुकान नाही, आणि साखर उतरली तर गाडीपर्यंतचे अंतरही लांब वाटते.